हार घालून दाखव

कमरेभोवती टेप आली की मुलगी श्वास आत ओढते. हे तिला कोणी शिकवत नाही. माप आई घेत असो, शिंपी घेत असो की वर्गातली मैत्रीण. पोट आत जातं, खांदे वर चढतात आणि नजर छताला लागते. मी आता नवापूरला मुलींना शिवणकाम शिकवते. गेल्या आठवड्यात नव्या तुकडीतली एक मुलगी अशीच माझ्यापुढे ताठ उभी राहिली आणि माझ्या तोंडून आपोआप प्रश्न निघाला, "सकाळी काय खाल्लंस गं?"

ती म्हणाली, "पोहे." बोलायचं तर श्वास सोडावा लागतो. तिने सोडला आणि मी टेप वाचली.

हा प्रश्न माझा नाही. तो शालिनी रणदिवे बाईंचा. माप घेताना त्या कायम काहीतरी विचारायच्या. घरी कोण कोण असतं, बस मिळाली का, भावाचा निकाल लागला का. नव्या मुलींना वाटायचं, बाई फार चौकस आहेत. बाईंना उत्तराशी फारसं घेणं नसायचं. उत्तर देताना मुलीचं अंग सैल पडतं, तेवढं त्यांना हवं असायचं. "श्वास सोडल्यावर येतं ते माप ब्लाउजचं," त्या म्हणायच्या. "धरून ठेवल्यावर येतं ते फोटोचं. आपण फोटो शिवत नाही."

मी बडोद्याला शिकायला गेले तेव्हा आमच्या घरात पदवी म्हणजे काय हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. वडिलांची पिठाची गिरणी. त्यांना वाटायचं, कॉलेजात शिवण शिकवतात तर आपल्या गल्लीतल्या यशोदाकाकू काय वाईट होत्या? पण मामा बडोद्याला रेल्वेत होते, हरणीला त्यांचं घर होतं, आणि त्यांनी वडिलांना समजावलं. म्हणून मी गेले. शाळा मराठी, त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गात हात वर करून मी म्हणाले, "बाई, मागे दिसत नाही." सगळा वर्ग हसला. तिथे शिक्षिकेला मॅडम म्हणत, फार तर बेन. रणदिवे बाई मात्र फळ्याकडून वळल्या आणि म्हणाल्या, "बाई ही हाक बडोद्यात माझ्या शाळेनंतर मी ऐकली नव्हती. पुढे ये. इथे बस." पुढे तीन वर्षं मी तिथेच बसले, आणि शेवटी शेवटी गुजराती मुलीही त्यांना बाईच म्हणायला लागल्या.

बाई अंगाने भरपूर होत्या. उंची बेताची, रुंदी मोकळी. वय पन्नाशीच्या पुढचं. आणि त्या बिनबाह्यांचा ब्लाउज घालायच्या. आमच्या गावात बिनबाह्या म्हणजे सिनेमातल्या बायका, नाहीतर फार शिकलेल्या आणि फार बारीक बायका. बाईंचे दंड चांगले परातीत कणीक तिंबलेले दंड होते. फळ्यावर लिहिताना ते हलायचे. मला पहिले काही दिवस तिकडे बघायचं की नाही तेच कळेना. मग एकदा एका मुलीने धीर करून विचारलं की बाई, तुम्हाला असं ऑकवर्ड नाही वाटत? बाईंनी खडू ठेवला, आपल्या दंडाकडे जरा पाहिलं, जणू तो आत्ताच कोणी आणून दिलाय, आणि म्हणाल्या, "बडोद्याचा उन्हाळा, बेटा. दंड माझे, घाम माझा. यात दुसऱ्याने ऑकवर्ड व्हायला जागा कुठे आहे?" मग खडू उचलून मुंढ्याची वळणदार रेघ काढायला लागल्या. मुंढा म्हणजे बाही जोडायची जागा. तो बाईंसारखा कापणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. त्यांचा ब्लाउज कुठे काचायचा नाही, कुठे फुगायचा नाही. बघता बघता आमच्या लक्षात आलं की त्या जाड दिसत नाहीत असं नाही. जाडच दिसतात, आणि छान दिसतात. या दोन गोष्टी एका वाक्यात बसू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न होता, "नाव सांग."

पहिल्या सत्रात प्रत्येकीला ब्लाउजसाठी कापड निवडायचं होतं. मी फिकट गुलाबी उचललं. मी सावळी आहे. सावळ्या मुलीने फिकट रंग घालावेत हे मला दात येण्याच्या आधीपासून माहीत होतं. बाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि झगझगीत हळदी पिवळं ठेवलं. मी म्हणाले, "बाई, हा रंग माझ्यावर खुलत नाही."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? नाव सांग."

मी विचार करायला लागले. एक आत्या निघाली. मग एक मामी, जिने मी बडोद्याला आल्या आठवड्यातच उजळ होण्याची ट्यूब आणून दिली होती. मग गावातला एक दुकानदार, जो पिवळ्या तागाला हात लावला की म्हणायचा, ताई, तुम्हाला नको. तिघांनंतर मला नाव सुचेना. बाई म्हणाल्या, "तीन माणसं. त्यातला एक दुकानदार, त्याला गुलाबी खपवायचं असेल." तो पिवळा ब्लाउज मी घालून हरणीला गेले तेव्हा मामी म्हणाली, नवीन दिसतोय. बाकी काही म्हणाली नाही. मामीच्या बाबतीत ही शाबासकी होती.

पण बाईंची खरी खूण म्हणजे हार.

ब्लाउज शिवून झाला की दुसरीकडे परीक्षक टाके बघतात, हूक बघतात, अस्तर उलटून बघतात. बाई हे सगळं नंतर बघायच्या. आधी मुलीला तो अंगात घालून यायला सांगायच्या आणि म्हणायच्या, "हार घालून दाखव." मुलीने समोर नवरा उभा आहे असं समजून दोन्ही हात वर करायचे आणि हवेतला हार त्याच्या गळ्यात घालायचा. हात कानापर्यंत गेले पाहिजेत. ब्लाउज वर सरकता कामा नये, काखेत काचता कामा नये. ज्या मुलीचे हात खांद्याशीच अडकायचे तिला बाई म्हणायच्या, "हा नवरा बसका आहे का? उसव." मुली हसून लोळायच्या, पण उसवायच्या. त्या वर्गात आम्ही इतके हवेतले हार घातले की खरे असते तर बाजारात फुलं उरली नसती.

या परीक्षेमागची गोष्ट त्यांनी वर्गात एकदाच सांगितली, तीही इस्त्री करता करता. त्यांच्या लग्नात त्यांच्या आईने शिंप्याला बजावलं होतं, ब्लाउज आवळून शिव, म्हणजे मुलगी जरा कमी दिसेल. शिंपी इमानी निघाला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, भटजींनी हार हातात दिला, आणि शालिनीचे हात छातीच्या वर जाईनात. जरा जोर केला तर काखेत टचकन आवाज झाला. ती तशीच हार धरून उभी. मांडवाला वाटलं, नवरी लाजतेय. नवऱ्याच्या काकांना वाटलं, नवरी माजोरी आहे, मुलाला वाकायला लावतेय. शेवटी रणदिवेकाका, म्हणजे तेव्हाचा नवरदेव, स्वतःच गुडघ्यात वाकले आणि हारात डोकं घातलं. "तिथेच कळलं, माणूस चांगला आहे," बाई म्हणाल्या. इस्त्री उभी ठेवून त्यांनी पुढे म्हटलं, "पण माणूस चांगला निघाला हे नशीब. ब्लाउज चांगला निघणं नशिबावर सोडू नये."

एका शनिवारी त्या आम्हाला अलकापुरीत घेऊन गेल्या. मोठमोठी दुकानं, काचेमागे पांढरेशुभ्र पुतळे, त्यांच्या अंगावर चापून बसलेले कपडे. आम्ही सगळ्या काचेला नाक लावून. कोणीतरी म्हणालं, फिगर असावी तर अशी. बाई सरळ आत गेल्या. आम्ही मागोमाग. दुकानातल्या मुलाला त्यांनी गोड आवाजात विचारलं, "भाई, आ पूतळाने जरा फेरवशो?" तो गोंधळला, पण पुतळा फिरवला. पुतळ्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिमटेच चिमटे. समोरून अंगासरशी दिसणारा कुर्ता मागून मूठभर गोळा करून टोचून ठेवला होता.

"बघितलं?" बाई म्हणाल्या. "कपडा त्याच्या मापाचा नाही, तो कपड्याच्या मापाचा नाही. आणि तुम्ही बाहेर उभ्या राहून स्वतःला दोष देताय."

दुकानातला मुलगाही हसला. मग बाईंनी सगळ्यांना सेव उसळ खायला नेलं. स्वतः पाव जास्तीचा मागवला, तर्री दोनदा घेतली, आणि पदराने कपाळाचा घाम टिपत म्हणाल्या, "माझा कपडा आतून भरतो. हे माझे चिमटे."

बाईंचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. त्यांची जीभ तिखट होती आणि बारीक मुलींवर ती जरा जास्तच चालायची. पूर्वी नावाची एक हाडकुळी मुलगी होती. तिचं माप घेताना बाई दरवेळी म्हणायच्या, घरी रेशन बंद आहे का, वाऱ्याने उडशील, खिशात दगड ठेव. पूर्वी हसायची. एकदा हसली नाही. ती गुजरातीत शांतपणे म्हणाली, "बाई, मी पोटभर खाते. लहानपणापासून अशीच आहे. जाड मुलीला कोणी बोललेलं तुम्हाला चालत नाही, मग मला का बोलता?" वर्गात मशिनं थांबली. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू होण्याआधी त्या पूर्वीच्या मशिनपाशी गेल्या आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "काल तू मला जे म्हणालीस ते मी घरी नेलं. रात्रभर काचलं. माझी चूक होती." आणि त्यानंतर दगडाचा विनोद पुन्हा कधी झाला नाही. मला त्या दिवशी बाई आणखी मोठ्या वाटल्या. आमच्या गावच्या शाळेत चूक मुलांची असायची.

आता किंजलचं सांगते, कारण बाईंचं नाव काढलं की मला तीच आठवते.

किंजल माझी माप-जोडीदार. म्हणजे ती माझी मापं घ्यायची, मी तिची. कारेलीबागेत, बाईंच्या सोसायटीपासून दोन गल्ल्या पुढे तिचं घर. गोरी, गोल चेहऱ्याची, नवरात्रात सलग दोन तास गरबा खेळली तरी दम न लागणारी. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला तिचा साखरपुडा झाला. मुलगा चांगला होता, तिला आवडला होता. साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा होणाऱ्या नणंदेने त्यातला एक मोबाइलमध्ये बारीक करून पाठवला. चेहरा निमुळता, कंबर निम्मी, दंड नाहीतच. खाली लिहिलं होतं, भाभी, लग्नापर्यंत अशी हो ना, मस्त दिसशील. वाईट हेतूने लिहिलं असेल असं मला आजही वाटत नाही. पण किंजलने तो फोटो मोबाइलच्या पडद्यावर लावला. दिवसातून कितीतरी वेळा ती मोबाइल उघडायची आणि दरवेळी ती निमुळती बाई तिच्याकडे बघायची.

तिने आधी भात सोडला, मग रोटली, मग रात्रीचं जेवण. डब्यात काकडी आणायची. नवरात्रात ती दोन फेऱ्यांनंतर बाजूला जाऊन बसली. मी हाक मारली तर म्हणाली, चक्कर येतेय, तू खेळ. तिचे केस कंगव्यात गोळा व्हायला लागले, पाळी येईनाशी झाली. हे तिने मला सांगितलं, आणि असंही सांगितलं की यात घाबरण्यासारखं काही नाही, मोबाइलवर सगळ्यांनी असंच लिहिलंय. आणि वर्गात जो तो म्हणत होता, वाह, किंजल, काय सुरेख बारीक झालीस.

बाईंना दिसत होतं. पण सुरुवातीला त्यांनी ते हसण्यावारी नेलं. हिरव्या चहावर विनोद केले, तिच्या डब्यात आपला चिवडा ओतला. किंजल हसायची आणि चिवडा मला द्यायची. इथे बाईंचा अंदाज चुकला, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्यांना वाटलं, नव्या नवरीची हौस आहे, दोन सणांत उतरेल.

शेवटच्या वर्षी प्रत्येकीने एक पूर्ण पोशाख शिवायचा असतो. किंजलने आपल्या लग्नाचा ब्लाउज घेतला. मामाकडून येणाऱ्या पानेतरवर, म्हणजे पांढऱ्या-लाल लग्नाच्या साडीवर घालायचा. लाल रेशीम तिच्या आईने मुद्दाम सुरतेहून आणलं होतं, जेमतेम ब्लाउजपुरतंच. एके दुपारी मी आत आले तेव्हा किंजलने कापड कापून ठेवलं होतं आणि बाई टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी ते तुकडे एकेक उचलून जोडीजोडीने मांडले. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या. मग त्या खुर्चीवर बसल्या. वर्गात बाई खुर्चीवर बसलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

आम्हाला त्यांनी पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं की शिवणीच्या आत कापड जादा सोडायचं. शिंपी त्याला माया म्हणतात. बाईचं अंग जन्मभर एक राहत नाही, उद्या उसवून मोठं करता आलं पाहिजे. किंजलने ते कापड सोडलंच नव्हतं. तिने ब्लाउज त्या मोबाइलमधल्या बाईच्या मापाने कापला होता, आणि बाजूचं सगळं रेशीम छाटून, बारीक कातरून कचऱ्यात टाकलं होतं. म्हणजे कोणाला, अगदी तिला स्वतःलाही, नंतर तो मोठा करता येऊ नये.

बाई किंजलशी गुजरातीत बोलायच्या. मी माझ्या भाषेत सांगते.

"हा कोणाचा आहे?" त्यांनी विचारलं.

"माझा."

"तुझा नाही. तुझं माप मला ठाऊक आहे."

"लग्नापर्यंत माझा होईल."

"आणि नाही झाला तर?"

किंजल म्हणाली, "म्हणून तर कापून टाकलं, बाई. आता व्हावंच लागेल."

बाई बराच वेळ त्या तुकड्यांवरून हात फिरवत राहिल्या. मी वाट बघत होते की आता जिभेचा फटका बसेल. तो बसला नाही. त्यांनी हळूच विचारलं, "लोक काय म्हणतील याची भीती वाटते?"

"हो."

"कोण लोक? नाव सांग."

किंजलने नणंदेचं नाव घेतलं. मग एका मावशीचं. मग फोटो काढणाऱ्या माणसाचं, तो म्हणाला होता मॅडम, हनुवटी वर ठेवा. मग ती थांबली. बाई बोटं मोजायला पुढे केलेला हात तसाच धरून होत्या. चौथं बोट उभं होतं. किंजल त्या बोटाकडे बघत म्हणाली, "मी."

बाईंनी ते बोट मिटलं नाही. "ही शेवटची फार कडक आहे," त्या म्हणाल्या. "हिच्याशी आपल्याला बोलावं लागेल."

त्याच संध्याकाळी त्या मला बरोबर घेऊन, स्कूटरवर, किंजलच्या घरी गेल्या. वाटेत मी त्यांना तिच्या पाळीचं सांगितलं. हेल्मेट काढायच्या आत त्यांनी दारातूनच किंजलच्या आईला सांगितलं, "भाभी, भूक लागलीय. काय केलंय?" किंजलच्या आईने कढी-खिचडी वाढली. बाई चवीने जेवल्या, पुन्हा मागितली, मला वाढायला लावली. मग त्यांनी विचारलं, तुमचं ताट? किंजलची आई म्हणाली, मी रात्री काही घेत नाही. का? तर म्हणाली, मुलीच्या लग्नात आई बेढब दिसायला नको. आणि मग डोळ्यांना पदर लावून तिने सांगितलं की मुलीची अर्धी रोटली तीच काढून ठेवत होती. तिला वाटत होतं, आपण मदत करतोय. सासरचं माणूस एकदा बोललं, पुन्हा बोलायला नको.

बाईंनी तिला दोष दिला नाही. उठून स्वयंपाकघरातून एक ताट आणलं, खिचडी वाढली आणि तिच्यापुढे ठेवलं. आणखी एक ताट किंजलपुढे. म्हणाल्या, "माझ्या आईनेही मला मदतच केली होती." आणि लग्नातल्या हाराची गोष्ट त्यांनी दुसऱ्यांदा सांगितली. या वेळी ती विनोदी लागली नाही. काखेत टचकन आवाज झाला तेव्हा काय वाटलं, तेही त्यांनी सांगितलं. किंजलची आई हळूहळू खात होती. किंजलने दोन घास घेतले आणि थांबली. बाईंनी आग्रह केला नाही. एवढंच म्हणाल्या की उद्या सकाळी तुम्ही दोघी आणि मी डॉक्टरबाईंकडे जातोय, पाळीचं विनोदाने बरं होत नाही.

हे एका रात्रीत बरं झालं असं मी लिहिणार नाही. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, आणि आठवड्यातून एकदा बोलायला दुसऱ्या एका बाईंकडे पाठवलं. किंजल चिडली, रडली, दोनदा बाईंच्या वर्गाला आली नाही. बाई रोज दुपारी तिच्यासमोर आपला डबा उघडून बसायच्या आणि गप्पा मारत जेवायच्या. एके दिवशी किंजलने त्यांच्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली. बाईंनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि टेबलाखालून माझा पाय जोरात दाबला. काही आठवड्यांनी मोबाइलच्या पडद्यावरचा तो फोटोही गेला. तिथे घरच्या कुत्र्याचा आला.

राहिला ब्लाउज. तसं लाल रेशीम पुन्हा मिळेना, आणि किंजलला नवा शिवायचाच नव्हता. तिचं म्हणणं, मी बिघडवलाय, मीच नीट करीन. बाईंना हे फार आवडलं. दोन्ही बाजूंना काखेपासून कमरेपर्यंत पट्टी घालावी लागणार होती, बाहीखाली एक तुकडा. किंजल गडद लाल शोधत होती, कोणाला कळू नये असा. बाईंनी तिच्या आईच्या जुन्या बांधणीतला हिरवा काठ पुढे केला.

"बाई, हा तर लांबून दिसेल. लोक विचारतील."

बाई नुसत्या बघत राहिल्या. किंजल हसली. किती महिन्यांनी हसली. म्हणाली, "हां हां, नाव सांगते. पण विचारलं तर काय सांगू?"

"सांग की इथून श्वास येतो."

ती पट्टी किंजलने हाताने बसवली, बारीक टाक्यांनी, आणि दोन्ही बाजूंना हवं तेवढं कापड आत सोडलं. बाईंनी एकाही टाक्याला हात लावला नाही. परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, हे डिझाइन कुठलं? किंजलने सांगितलं, कारेलीबागचं. आमच्या मागच्या तुकडीतल्या मुलींनी हिरव्या पट्ट्यांचे ब्लाउज शिवायला सुरुवात केली, तेव्हा बाईंनी डोक्याला हात लावला.

त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि मुलीकडे नाशिकला गेल्या. फोन व्हायचे. मला नोकरी लागली तेव्हा पहिला फोन वडिलांना आणि दुसरा त्यांना केला. त्यांनी विचारलं, "माप घेताना काय विचारतेस?" मी सांगितलं. म्हणाल्या, सरस. मग एक दिवस किंजलचाच फोन आला की बाई गेल्या. झोपेत, दुपारी, जेवून. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते किंजलच्या लग्नातच.

परीक्षेनंतरच्या माघातलं लग्न, सकाळचा मुहूर्त. बाई नाशिकहून आल्या होत्या. किंजल पूर्वीइतकी गोल नव्हती आणि त्या फोटोसारखीही नव्हती. आपल्यासारखी होती. पानेतर, लाल ब्लाउज, बाजूला हिरवी पट्टी. नणंदेने पट्टीकडे पाहिलं, हात लावला आणि विचारलं, भाभी, हे कोणी शिवलं, मलाही हवं. किंजल म्हणाली, शिकवीन.

मग हाराची वेळ झाली. गुजराती लग्नात नवऱ्याचे मित्र फाजील असतात. किंजल हार घेऊन पुढे झाली तशी त्यांनी नवरदेवाला खांद्यावर उचललं. तो वर छताच्या झुंबरापाशी, ही खाली. मांडवात हशा. कोणी म्हणालं, भाभी, खुर्ची आणू? किंजलची आई माझ्या शेजारी उभी होती; तिने माझा हात घट्ट धरला. मी मात्र स्टेजकडे न बघता मागे वळून बाईंना शोधलं.

त्या तिसऱ्या रांगेत उभ्या होत्या. मोरपंखी साडी, बिनबाह्यांचा ब्लाउज. त्या नवरदेवाकडे बघत नव्हत्या, किंजलच्या चेहऱ्याकडेही नाही. त्यांची नजर त्या हिरव्या पट्टीवर होती. किंजलने टाचा उचलल्या, हात वर केले, खांद्याच्या वर, कानाच्या वर, आणखी वर. आणि तिसऱ्या रांगेत बाईंचे ते भरलेले, उघडे, हलणारे दोन्ही दंड आपोआप तिच्याबरोबर वर गेले, इतके की मागच्या माणसाला स्टेज दिसेना. तो कुरकुरला, बेन, हात नीचे. बाईंनी ऐकलं नाही. वर झुंबरापाशी हार गळ्यात पडला, शिवण कुठेही कुरकुरली नाही, आणि सगळा मांडव टाळ्या वाजवत असताना बाईंचे हात मात्र तसेच हवेत, कोणाच्या तरी गळ्यात हार घालून मोकळे झालेले.